लोहगावहून परदेशी : पुण्याच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा प्रकरण अभ्यास

पुणे विमानतळावरून थेट परदेशी उड्डाणे वाढावीत आणि त्यातून शहराच्या अर्थव्यवस्थेला चालना मिळावी, यासाठी गेली सुमारे वीस वर्षे जे प्रयत्न झाले, त्यांची ही मांडणी आहे. सार्वजनिक पदावरील व्यक्ती आणि विमान कंपन्या सोडल्यास अधिकारी, उद्योजक व संघटना यांची नावे येथे दिलेली नाहीत. कोणी काय केले यापेक्षा निर्णय कोणत्या क्रमाने झाले, हे या प्रकरणात अधिक महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

पुण्याहून लंडनला, फ्रँकफुर्टला किंवा न्यूयॉर्कला निघालेला प्रवासी आधी द्रुतगती मार्गाने मुंबई गाठतो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटरचे असले, तरी घाटातील कोंडीचा भरवसा नसल्यामुळे पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री जेवण उरकून निघण्याची रीतच पडून गेली आहे. चाकण, तळेगाव आणि रांजणगाव येथील वाहन उद्योग, हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्या, हडपसर-मांजरी भागातील लसनिर्मिती आणि मावळातील गुलाबशेती या सगळ्यांचा परदेशाशी रोजचा संबंध आहे. तरीही त्या संबंधातील माणसे आणि माल बहुतांशी मुंबईमार्गेच ये-जा करतात.

लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. ब्रिटिश राजवटीत, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो उभा राहिला. सप्टेंबर २००२ मध्ये भारताची पहिली सुखोई-३० एमकेआय विमाने याच तळावर हवाई दलात दाखल झाली. नागरी वाहतुकीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे टर्मिनल आणि विमाने उभी करण्याची जागा आहे. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण मात्र हवाई दलाच्या ताब्यात आहे. त्यामुळे नागरी विमानांना कोणत्या वेळी किती स्लॉट, म्हणजे उड्डाण-उतरणीच्या ठरलेल्या वेळा, मिळणार, हे लढाऊ विमानांच्या सरावाच्या वेळा सांभाळूनच ठरते.

विमानतळाची वाढ खुंटली होती, असेही नाही. २०१८-१९ मध्ये येथून वर्षाला ९० लाखांच्या घरात प्रवासी जात-येत होते, आणि २०२४-२५ मध्ये हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. त्यातील आंतरराष्ट्रीय प्रवाशांचा वाटा मात्र शंभरात तीनही भरत नाही. प्रकरणाचा गाभा या विषम प्रमाणात आहे. देशांतर्गत प्रवासासाठी ज्या शहरातून एवढी माणसे विमानात बसतात, त्या शहराला परदेशी उड्डाणे बोटांवर मोजण्याइतकीच का मिळावीत?

अडचण नेमकी कोठे होती

स्थानिक चर्चेत या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे एकच दिले जात होते : टर्मिनल अपुरे आहे. गर्दीच्या वेळी जुन्या टर्मिनलमध्ये उभे राहिलेल्या कोणालाही ते पटण्यासारखे होते, आणि ते खोटेही नव्हते. परंतु टर्मिनल हे अडचणींच्या साखळीतील सर्वांत दिसणारे कडे होते, सर्वांत कच्चे नव्हे.

पहिले कच्चे कडे धावपट्टीचे. लोहगावची मुख्य धावपट्टी २,५३५ मीटर लांबीची आहे आणि तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. उंचीवर आणि उन्हाळ्याच्या तापलेल्या हवेत हवेची घनता कमी होते, पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनांचा जोर दोन्ही घटतात, आणि तेवढ्याच वजनाच्या विमानाला उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. युरोपपर्यंतचे इंधन, भरलेली आसने आणि मालासह निघणारे मोठे वाइडबॉडी (रुंद बांध्याचे, दोन मार्गिकांचे) विमान या धावपट्टीवरून पूर्ण भाराने उडू शकत नाही. भार कमी केला तर ते उडते, पण मग एक तर प्रवासी कमी घ्यावे लागतात, नाही तर माल सोडावा लागतो किंवा वाटेत इंधनासाठी उतरावे लागते. या तिन्हींत तोटाच असतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ या वर्गातील विमानांना ही धावपट्टी पुरते, आणि म्हणून पुण्याच्या थेट उड्डाणांचे व्यवहार्य वर्तुळ आखाती देश, बँकॉक, सिंगापूर एवढ्यावर येऊन थांबते.

दुसरे कच्चे कडे कागदावरचे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. परदेशी विमान कंपनी भारतातील कोणत्या शहरात उतरू शकते, हे दोन देशांतील हवाई सेवा करारात लिहिलेले असते. करारात ज्या शहराचे नाव ‘पॉइंट ऑफ कॉल’ म्हणून नाही, तेथे मागणी कितीही असली तरी त्या देशाची कंपनी येऊ शकत नाही. दुबईच्या बाबतीत दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा आहे आणि दुबईच्या कंपन्यांना खुल्या असलेल्या शहरांत पुणे नाही. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये भारताकडे जी जादा शहरे मागितली, त्यांत अमृतसर, कोइंबतूर, कन्नूर, गोवा यांच्याबरोबर पुण्याचेही नाव होते. भारताने ती मागणी मान्य केली नाही. आखाती कंपन्या भारतीय प्रवासी आपल्या केंद्रावर नेऊन तेथून युरोप-अमेरिकेला पाठवतात, आणि हा व्यवसाय भारतीय कंपन्यांनी स्वतः करावा, अशी केंद्राची भूमिका राहिली आहे. राष्ट्रीय पातळीवर या भूमिकेचे समर्थन करता येते. तिची किंमत मात्र ज्या शहरांना स्वतःचे मोठे आंतरराष्ट्रीय केंद्र नाही, ती शहरे मोजतात.

आग्नेय आशियाच्या बाबतीत तर विरोधाभास अधिकच उघडा आहे. आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतील देशांच्या कंपन्यांना भारतातील १८ पर्यटनस्थळी हव्या तेवढ्या फेऱ्या करण्याची मुभा २००३ च्या सुमारास देण्यात आली. या यादीत गया, वाराणसी, खजुराहो, पोर्ट ब्लेअर, गोवा आहेत, आणि त्या वेळचे औरंगाबादही आहे. वेरूळ-अजिंठ्यामुळे ते नाव येणे साहजिक होते. पुणे नाही, कारण यादी पर्यटनाच्या निकषावर झाली होती, उद्योगाच्या नव्हे. परिणामी, औरंगाबादच्या ज्या चिकलठाणा विमानतळाला ही मुभा आहे तेथे नियमित परदेशी सेवा रुजली नाही, आणि जेथे प्रवासी आहेत त्या लोहगावला मुभाच नाही.

तिसरी अडचण वेळेची. आखाताकडे जाणारी विमाने भारतातून बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात, कारण पुढची जोडउड्डाणे त्या वेळेशी जुळतात. धावपट्टी रात्री बंद राहिली की सर्वांत आधी हीच उड्डाणे कोलमडतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय लोहगावच शक्य तेवढे वाढवण्याचा होता : धावपट्टी लांबवणे, टर्मिनल मोठे करणे, विमाने उभी करण्याच्या जागा वाढवणे आणि हवाई दलाकडून अधिक स्लॉट मिळवणे. शहराच्या जवळ असलेला, रस्ते-वस्ती यांच्याशी आधीच जोडलेला हा विमानतळ सोडून जाणे कोणालाच परवडणारे नव्हते. परंतु धावपट्टीच्या दोन्ही टोकांना जमीन लागते, आणि वाढलेल्या शहरात ती दरवर्षी महाग व अवघड होत जाते.

दुसरा पर्याय संपूर्ण नव्या विमानतळाचा. चाकण-खेड भागातील जागांचा विचार बरीच वर्षे चालला आणि मागे पडला. २०१६ मध्ये राज्य सरकारने पुरंदर तालुक्यातील जागा जाहीर केली. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची जमीन त्यात जाते. पुरंदर हा अंजीर आणि सीताफळाचा तालुका आहे. तेथील शेतकऱ्यांचा विरोध केवळ मोबदल्यासाठी आहे असे समजणे हा या प्रकल्पातील सर्वांत महाग पडलेला गैरसमज असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बागायती उभी करायला जी वर्षे गेली, ती कोणत्याही दरपत्रकात मावत नाहीत.

तिसरा पर्याय कोणी उघडपणे मांडला नाही, पण व्यवहारात तोच चालू होता : मुंबईलाच पुण्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ मानायचे आणि तेथपर्यंतचा रस्ता सुधारायचा. नवी मुंबईच्या विमानतळाची आशा जसजशी जवळ येत गेली, तसतसे या पर्यायाचे वजन वाढले.

चौथा पर्याय पैशाचा होता. नव्या मार्गावर विमान कंपनीला सुरुवातीला होणारा तोटा राज्याने काही काळ भरून द्यायचा, अशी पद्धत जगभर वापरली जाते. भारतात आंतरराष्ट्रीय उडान योजनेखाली आसाम सरकारने ती स्वीकारली आणि २०१९ मध्ये गुवाहाटी-ढाका मार्ग सुरू झाला. पुण्यासाठी हा उपाय गांभीर्याने चाचपला गेल्याचे दिसत नाही. संपन्न शहराच्या प्रवाशांना सरकारी अनुदान कशाला, हा त्यामागचा आक्षेप समजण्यासारखा आहे.

काय केले गेले

पहिला टप्पा २००५ च्या सुमाराचा. टर्मिनल सुधारून सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची सोय करण्यात आली आणि आखाताकडील मर्यादित उड्डाणे सुरू झाली.

दुसरा टप्पा अधिक धाडसी होता, आणि या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भागही तोच. जुलै २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफुर्ट थेट सेवा सुरू केली. धावपट्टीची मर्यादा कंपनीने नाकारली नाही, ती हिशेबात धरली : मोठे विमान आणता येत नाही, तर लहान विमान आणावे आणि त्यात केवळ बिझनेस वर्गाची आसने ठेवावीत. आसने कमी म्हणजे वजन कमी, आणि प्रत्येक आसनाचे उत्पन्न अधिक. पुण्यातील जर्मन वाहन आणि यंत्रसामग्री कंपन्यांचे अभियंते, व्यवस्थापक हे या सेवेचे ग्राहक होते. तांत्रिकदृष्ट्या ही जुळणी चोख होती. व्यावसायिकदृष्ट्या तिचा पाया अरुंद होता, कारण तिचे सगळे उत्पन्न कंपन्यांच्या प्रवासखर्चावर अवलंबून होते, आणि सेवा सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच जागतिक मंदी आली. मंदीत कंपन्या सर्वप्रथम प्रवासखर्चालाच कात्री लावतात. पुढे ही सेवा थांबली, इकॉनॉमी आसने घालून वेगळ्या रचनेत पुन्हा चालली आणि अखेरीस बंद झाली.

यानंतरची बरीच वर्षे पायाभूत कामांत गेली. धावपट्टीच्या नूतनीकरणासाठी ऑक्टोबर २०२० पासून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत उड्डाणे बंद ठेवण्यात आली, आणि ऑक्टोबर २०२१ च्या उत्तरार्धात विमानतळ दोन आठवडे पूर्ण बंद राहिला. १ डिसेंबर २०२१ पासून चोवीस तासांची वाहतूक पुन्हा सुरू झाली. काम आवश्यकच होते आणि कोविडच्या मंद काळात ते उरकणे शहाणपणाचे ठरले. मात्र त्या वर्षभरात धावपट्टीचा पृष्ठभाग सुधारला, लांबी आहे तेवढीच राहिली.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने मुंबई, पुणे आणि रायगड येथील विमान इंधनावरील कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. ते प्रवाशांसाठी खुले झाले १४ जुलै २०२४ रोजी. मधल्या चार महिन्यांत तयार इमारत रिकामी उभी होती, कारण सुरक्षेसाठी लागणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे मनुष्यबळ वेळेत मिळाले नाही. जून २०२४ मध्ये पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ केंद्रात नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री झाले, आणि त्यानंतर रेंगाळलेल्या बाबी हलल्या.

काय निष्पन्न झाले

उड्डाणे वाढली, हे मान्य करावे लागेल. डिसेंबर २०२२ मध्ये विस्तारा या विमान कंपनीने पुणे-सिंगापूर सेवा सुरू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडिगोने दुबई आणि बँकॉक जोडले. हे सर्व मार्ग भारतीय कंपन्यांचे आणि लहान विमानांचे आहेत, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही मर्यादांच्या आत राहूनच ही वाढ झाली.

तिचा ठिसूळपणाही लवकर दिसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि सिंगापूरचा मार्ग एअर इंडियाकडे गेला. अहमदाबाद येथील १२ जून २०२५ च्या भीषण अपघातानंतर एअर इंडियाने आपल्या वेळापत्रकात कपात केली, तेव्हा तात्पुरत्या स्थगित केलेल्या तीन मार्गांत पुणे-सिंगापूर होता. कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय अनाकलनीय नाही. विमाने कमी पडली की कंपनी आपली मुख्य केंद्रे वाचवते आणि कडेचे मार्ग सोडते. पुण्याचा मार्ग कडेचा ठरला, आणि करारामुळे सिंगापूरच्या कंपनीला त्या जागी येण्याची वाट मोकळी नव्हती.

अर्थव्यवस्थेला मिळालेल्या चालनेचा हिशेब याहून अवघड आहे. बँकॉकच्या विमानात सुट्टीसाठी निघालेले पुणेकर असतील, तर खर्च बँकॉकमध्ये होतो. पुण्याच्या वाट्याला प्रवासाची सोय आणि विमानतळावरील थोडा रोजगार येतो. फ्रँकफुर्टच्या विमानातून उतरलेला अभियंता हॉटेलात राहतो, कारखान्यात जातो, कदाचित पुढची गुंतवणूक ठरवतो. दोन्ही आसने आकडेवारीत सारखीच मोजली जातात. मालवाहतुकीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १२ जानेवारी २०२१ रोजी कोविशील्डचे पहिले डोस पुणे विमानतळावरून देशातील १३ शहरांकडे रवाना झाले. त्याच महिन्यात ब्राझीलला पाठवलेले डोस मात्र मुंबईहून गेले. लस पुण्याची आणि मागणी सातासमुद्रापारची, तरी आंतरराष्ट्रीय टप्प्याला लोहगाव उपयोगी पडले नाही. लहान विमानाच्या पोटात मालासाठी उरणारी जागा बेताचीच असते, त्यामुळे प्रवासी उड्डाणे वाढली म्हणून हे चित्र आपोआप बदलेल असे मानता येत नाही.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा निर्णय कोणीही औपचारिकपणे घेतला नाही : आधी टर्मिनल, मग धावपट्टी. टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाच्या स्वतःच्या जागेत, स्वतःच्या निधीतून बांधता येत होते. धावपट्टी लांबवण्यासाठी संरक्षण मंत्रालय, राज्य सरकार, महापालिका आणि जमीनमालक यांची एकाच वेळी संमती लागत होती. साहजिकच जे एका खात्याला एकट्याने करता येत होते ते आधी झाले. टर्मिनल बांधू नये असे येथे म्हणायचे नाही; देशांतर्गत गर्दीसाठी ते हवेच होते. पण ते आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे साधन म्हणून लोकांपुढे ठेवले गेले, आणि त्यामुळे धावपट्टीसाठीचा दबाव जो दहा वर्षांपूर्वी निर्माण व्हायला हवा होता तो झाला नाही. टोकाकडील जमीन तेव्हाच आरक्षित झाली असती, तर २०२०-२१ मध्ये धावपट्टी रोज रात्री बंद असताना लांबी वाढवण्याचे काम त्याच खोळंब्यात बसवता आले असते. आता ते करायचे तर तशीच गैरसोय दुसऱ्यांदा सोसावी लागेल.

दुसरा टप्पा करारांचा. येथे शहराच्या बाजूने झालेला प्रयत्न तोकडा वाटतो. निवेदने विमान कंपन्यांकडे गेली, मंत्र्यांकडे गेली, पण त्यांतील मागणी बहुधा ‘अमुक शहराला विमान सुरू करा’ अशी असे. ‘आसियानच्या यादीत पुण्याचे नाव घाला’ ही मागणी अधिक मोजकी, अधिक स्वस्त आणि टिकाऊ ठरली असती. आखाताच्या बाबतीत केंद्राचा आक्षेप मोठ्या केंद्रांकडे वळणाऱ्या प्रवाशांबद्दल आहे आणि तो लवकर मावळणार नाही. सिंगापूर किंवा क्वालालंपूरच्या कंपन्यांना १८ शहरे आधीच खुली केलेली असताना एकोणिसाव्या शहराला तेवढ्याच तीव्रतेने विरोध होण्याचे कारण नाही.

लुफ्तान्साच्या प्रयोगाबाबत मत देताना जरा जपून बोलावे लागते. तो फसला असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः त्याने पुणे-फ्रँकफुर्ट मार्गावर महागडे आसन विकत घेणारा ग्राहक आहे हे सिद्ध केले. स्थानिक उद्योगांनी एकत्र येऊन मंदीच्या काळासाठी वर्षभराच्या ठरावीक आसनांची हमी दिली असती, तर सेवेला तग धरायला वेळ मिळाला असता. सरकारी अनुदानापेक्षा अशी हमी अधिक न्याय्य आहे, कारण ज्याला लाभ होतो तोच जोखीम उचलतो.

पुरंदरबाबत क्रमाचा प्रश्न पुन्हा येतो. जागा २०१६ मध्ये जाहीर झाली, मध्यंतरी पर्यायी जागेचा विचार झाला, पुन्हा मूळ जागेकडे वळणे झाले, आणि मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणावरून कुंभारवळणमध्ये ग्रामस्थ व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. त्यानंतर सरकारने लागणाऱ्या जमिनीचे क्षेत्र बरेच कमी केले. क्षेत्र कमी करता येत होते, तर ते संघर्षानंतर का झाले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. कमी क्षेत्राचा आराखडा घेऊनच गावात गेले असते, तर बोलणी वेगळ्या जागेवरून सुरू झाली असती.

दरम्यान नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथे वाहतूक सुरू झाली. चाकण किंवा हिंजवडीतून निघणाऱ्या प्रवाशाला ते मुंबईच्या जुन्या विमानतळापेक्षा जवळ पडते. तेथून लांब पल्ल्याची उड्डाणे पुरेशी वाढली, तर पुरंदरचे २०१६ मधील प्रवासी-अंदाज तसेच्या तसे वापरता येणार नाहीत आणि लोहगावची धावपट्टी नेमक्या कोणत्या उड्डाणांसाठी लांबवायची, हेही नव्याने ठरवावे लागेल. मालवाहतुकीसाठी की आग्नेय आशियासाठी, याचे उत्तर जमीन संपादनाचा प्रस्ताव पुढे जाण्याआधी लेखी स्वरूपात असणे आवश्यक आहे. कारण दोन्हींना लागणारी लांबी, विमाने उभी करण्याची जागा आणि रात्रीचे स्लॉट वेगवेगळे आहेत.